डावीकडून येणारा चेंडू

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. शकुन नुकती रांगायला लागली होती, आणि घरात जमिनीवर जे काही होतं ते सगळं अनुपमाला शत्रूसारखं दिसू लागलं होतं. विळी, सुपारीचं खांड, उंबऱ्याची फुटलेली कड. नवऱ्याचा पाय मात्र त्या यादीत नव्हता.

वामनराव ओसरीवर उभे राहून हॉकीच्या पॅडचे पट्टे तपासत होते. पोर त्यांच्या डाव्या अंगानं आली. चोरून आली असंही नाही, चांगली फरशीवर हात आपटत, तोंडानं गाणं म्हणत आली. अनुपमा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. आता हे वाकतील, उचलतील, गालाला मिशा टोचवतील, म्हणून ती आधीच हसली होती. ते वाकले नाहीत. त्यांनी पाऊल मागं घेतलं, आणि ते नेमकं शकुनच्या बोटांवर पडलं.

पोरीनं जी किंकाळी फोडली, तिनं अमरावतीच्या अंबापेठेतली शेजारची दोन घरं दारात आली. बोटं मोडली नव्हती. एक नख तेवढं काळंनिळं झालं. लोणी लावून, फुंकर घालून ती गप्प झाली. वामनरावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "ही आली कुठून? अगं, ही आली कुठून?"

 रात्री पोरीला थोपटताना अनुपमाच्या कानात ते वाक्य पुन्हा आलं. कुठून आली म्हणजे? समोरच्या दारातून तर आली. आणि हा माणूस कोण, तर अख्ख्या वऱ्हाडात ज्याच्या नजरेच्या गोष्टी सांगतात तो.

वामनरावांची हॉकी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात जन्मली. वडील तिथं मुनीम होते. जिनाच्या आवारात रुईच्या दोन गाठी उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये मुनीमजींच्या पोराला उभं करायचं, आणि दुपारच्या सुट्टीत जिनातल्या गड्यांनी बाभळीच्या वाकड्या काठ्यांनी चिंध्यांचा चेंडू मारायचा, असा तो खेळ होता. पहिले पॅडसुद्धा तिथंच झाले. पिंजाऱ्यानं गादीच्या खोळीत रुई ठासून शिवून दिले होते. पुढं हायस्कूल, मग अमरावतीचं कॉलेज. त्याच कॉलेजात अनुपमा शिकत होती, मुली सगळ्या मिळून सहा. स्थळ आलं तेव्हा तिचे वडील, बापूसाहेब वकील, म्हणाले होते, "मुलगा गोलात उभा राहतो म्हणजे नक्की करतो काय?" अनुपमानं मान खाली घालून सांगितलं होतं, "येऊ देत नाही."

दोन वर्षांपूर्वी हिंदुस्थानचा संघ सिलोनला गेला, त्यात वामनराव होते. कोलंबोच्या सामन्यात त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. परत आले ते निळा कोट घालून, छातीवर जरीचं चिन्ह. अकोल्याच्या स्टेशनवर जिनातली माणसं डफडं घेऊन आली होती. गाडी पाच मिनिटं थांबायची ती पंधरा मिनिटं थांबली, कारण गार्डसुद्धा ऐकत उभा राहिला.

आता बर्लिनच्या ऑलिंपिकचा संघ निवडायचा होता. कोट पेटीत होता, डांबराच्या गोळ्या घालून. आणि ह्याच वर्षी भाद्रपदात, जबलपूरच्या सामन्यात, कोणाच्या तरी काठीवरून उसळलेला चेंडू वामनरावांच्या डाव्या कानशिलावर बसला होता. सात टाके पडले. सूज उतरली, डोळा उघडला. दिसायला तो डोळा अगदी पूर्वीसारखा होता. म्हणून तर कोणाला काही कळलं नाही.

बोटं चिरडल्याच्या दुसऱ्या दिवशी वरूडहून संत्र्यांची करंडी आली. वामनराव अंगणात उन्हाला पाठ देऊन दाढी करत बसले होते. अनुपमानं उजव्या बाजूनं एक संत्रं घरंगळत सोडलं. त्यांनी आरशातून मान न हलवता पायानं ते थांबवलं. सवयच ती. मग ती डाव्या बाजूला गेली आणि दुसरं सोडलं. ते त्यांच्या घोट्यापासून वीतभर अंतरावरून गेलं आणि तुळशीच्या कट्ट्याला लागून थांबलं. तिनं तिसरं सोडलं. चौथं. ते गालावरचा साबण पुसत होते. तुळशीपाशी संत्र्यांचा ढीग झाला तेव्हा ते उठले, वळले, आणि ढिगाकडे पाहत राहिले.

"खेळ चाललाय वाटतं शकुनचा," ते म्हणाले.

"शकुन झोपली आहे," अनुपमा म्हणाली.

दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटातल्या भाकरीशी बोलावं तसं म्हणाले, "कडेला पडदा आल्यासारखं वाटतं. समोरचं दिसतं. डावीकडचं मान वळवली की दिसतं."

"मग डॉक्टरांकडे चला. नागपूरला जाऊ."

"दाखवलं की त्याचा कागद होतो. कागद झाला की बर्लिन गेलं." त्यांनी पाणी प्यायलं. "संघ निवडून होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

"आणि तोवर दुसऱ्या डोळ्याला लागलं तर?"

"मला लागत नाही," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांचा हात कानशिलावरच्या व्रणाकडे गेला होता.

अनुपमा तेव्हापासून मैदानावर जाऊ लागली. बाईमाणूस हॉकी पाहायला, तेही कडेवर पोर घेऊन, म्हणून लोक पाहत. ती टांग्यात बसून पाही. ह्यांना दिसत नाही तर हे अडवतात कसे, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. ते अर्ध्या तासात समजलं. ह्यांच्या पुढं डाव्या बाजूला सूर्यभान वानखडे खेळायचा. कॉलेजपासूनचा मित्र, दर्यापूरकडचा शेतकरी, आवाज असा की शेताच्या एका धुऱ्यावरून हाक मारली तर चौथ्या धुऱ्यावरचा गडी वळून पाहील. तो सामनाभर ओरडायचा. "आला रे डाव्यानं! खालून! थांब, थांब, आता मारते तो!" लोक हसायचे. कुणी म्हणे, हा हॉकी खेळून राहिला का बैल हाकून राहिला? पण अनुपमानं नीट ऐकलं. चेंडू उजवीकडून आला की सूर्यभान गप्प असायचा.

म्हणजे ह्यांचा डावा डोळा सूर्यभानच्या तोंडात होता.

संक्रांत झाली. अकोल्याला वऱ्हाड विरुद्ध नागपूर असा सामना ठरला, आणि तो पाहायला कलकत्त्याहून निवड समितीचे एक गृहस्थ येणार असं कळलं. सामन्याच्या दोन दिवस आधी सूर्यभान हुरड्याची पिशवी घेऊन घरी आला. वामनराव बाहेर गेले होते. अनुपमानं त्याला ओसरीवर पाट दिला, पाणी दिलं, आणि उभ्यानंच म्हणाली, "सूर्यभान भाऊजी, परवा अकोल्याला तुम्ही ओरडू नका."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "तुमाले मालूम आहे तर."

"आहे."

"मंग वयनी, मी वरडलो नाही तर त्याले दिसन कसं?"

"नाही दिसणार. एक गोल जाऊ दे. त्या कलकत्त्याच्या माणसाला एकदा दिसू दे, की ह्यांना दिसत नाही. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. तुम्ही सांगायचे नाहीत. मी बायको, मी कशी सांगू?"

सूर्यभाननं हुरड्याच्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "तुमी मले त्याच्या आंगावर चेंडू सोडायले सांगून राहिल्या. तो गोलातच जाईन, डोक्यात जानार नाही, हे कोन लिहून देते? तुमी देता?"

तिनं पदरानं तांब्याखालचं पाणी पुसलं.

"वामन्यानं मले हात जोडले, वयनी. त्यानं. ज्यानं कधी मास्तरापुढं हात जोडले नाहीत." तो उठला. "बर्लिनले काय मी जानार आहो त्याच्यासंग? तिथं कोन पंजाबी असन त्याच्यापुढं, कोन असन. त्याले 'डाव्यानं' म्हनता येईन का? हे मले समजत नाही का? समजते. पन मी नाही गप बसत."

तो गेल्यावर अनुपमानं कागद घेतला. निवड समितीच्या त्या गृहस्थांना इंग्रजीतून पत्र लिहायला बसली. बी. ए.ला निबंधाचं बक्षीस मिळवलेली मुलगी. चार ओळी झरझर उतरल्या. पाचव्या ओळीत 'माझे पती' हे शब्द आले आणि हात थांबला. नवऱ्याची चहाडी, आणि तीही परक्या भाषेत. तिनं कागद चुलीत घातला. वर दुधाचं पातेलं होतं. दूध लवकर उतू गेलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी तिघं अकोल्याला वामनरावांच्या मावशीकडे उतरली. वामनराव आंघोळीला गेले तोच दारात जिनाचे मुकादम शेषराव उभे. मागं आठ-दहा गडी, सगळ्यांच्या केसांत, भुवयांत रुईचे तंतू. वामनराव गाठींच्या मधे उभे राहायचे तेव्हा पहिला चेंडू ह्याच शेषरावांनी मारलेला.

"बाई, साहेब कुठी गेले?"

"आंघोळीला. बसा ना."

"बसत नाही जी. एक इचारायचं होतं." शेषरावांनी टोपी काढून हातात घेतली. "आमचं मन होतं, आज डफडं लावावं. सनई आहे, ताशा आहे. आपला मानूस बर्लिनले जाऊन राहिला, अन् आमी काय मुक्यानं पाहावं? पन मांगच्या सामन्याले साहेबानं मनाई केली. म्हने खेळताना वाजवू नका, ध्यान जाते. आता ध्यान जाते म्हंजे काय? लहानपनी तर जिनाचा भोंगा वाजे तरी याचं ध्यान जात नव्हतं!"

गडी हसले. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज येत होता. शकुन अनुपमाच्या पदराला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. नव्यानं आलेलं नख अजून पापुद्र्यासारखं पातळ होतं. अनुपमानं त्या नखाकडे पाहिलं.

"आणा," ती म्हणाली.

"साहेब रागावतीन."

"त्यांना मी सांगते. आणा डफडं. आणि लांब नका उभे राहू. गोलाच्या मागंच उभे राहा."

शेषरावांचा चेहरा असा फुलला, की तिला तिथंच शब्द परत घ्यावासा वाटला. पण घेतला नाही. वामनराव केस पुसत बाहेर आले तेव्हा गडी निघून गेले होते, आणि तिनं त्यांना काहीच सांगितलं नाही.

मैदानावर अकोला लोटलं होतं. शाळांना सुट्टी, कचेरी अर्धी ओस. एका छत्रीखाली वेताच्या खुर्चीत कलकत्त्याचे ते गृहस्थ बसले होते, मांडीवर वही. अनुपमा बायकांसाठी घातलेल्या सतरंजीवर, अगदी कडेला बसली. तिथून दोन्ही गोल दिसत होते. वामनरावांच्या, पलीकडच्या गोलाच्या मागं डफडीवाले शेकोटीवर कातडं तापवत होते. वामनरावांनी त्यांना पाहिलं, जवळ जाऊन हात हलवून काही म्हटलं. शेषरावांनी हात जोडले, मान डोलावली, आणि जागचे हलले नाहीत.

पहिल्या अर्ध्यात डफडं फक्त चेंडू अडवला की वाजे. वामनरावांनी उजवीकडचा एक सूर मारून काढला, समोरचा एक पॅडवर घेतला. दर वेळी डफडं, शिट्ट्या, उडालेल्या टोप्या. वहीत काही लिहिलं गेलं. डावीकडून दोनदा चेंडू आला. दोन्हीदा सूर्यभानचा आवाज मैदानभर घुमला, आणि दोन्हीदा वामनरावांचा पाय वेळेवर गेला. अनुपमाला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. जाऊ दे, ती मनात म्हणाली. जाऊ देत बर्लिनला. देवा, काही होऊ नको देऊ.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. डफडंही वाजतगाजत मैदानाला वळसा घालून ह्या बाजूच्या गोलामागं आलं. वऱ्हाडनं एक गोल चढवला, आणि मग डफडं थांबेचना. सनईवाल्याच्या गालांचे फुगे झाले होते. ताशा कडकडत होता. शेजारची बाई कानात बोलली तरी ऐकू येईना. नागपूरचा एक पोरगेला खेळाडू वामनरावांच्या डाव्या कडेनं चेंडू घेऊन निघाला. सूर्यभानचं तोंड उघडलेलं अनुपमाला दिसलं, गळ्याच्या शिरा ताठलेल्या दिसल्या. आवाज मात्र नाही. त्यानं वळून डफडीवाल्यांकडे दोन्ही हात वर केले, थांबा, थांबा. त्यांना वाटलं, चेव आणून राहिला. त्यांनी दुप्पट जोरानं लावलं.

चेंडू वामनरावांच्या डाव्या पायाजवळून गोलातल्या फळीवर आपटला. ते हललेच नाहीत. फळीचा आवाज झाल्यावर त्यांनी मान वळवली, आणि क्षणभर तिला ओसरीवरचा तोच चेहरा दिसला. ही आली कुठून?

खुर्चीतल्या गृहस्थांनी पेन्सिल थांबवून वर पाहिलं.

झालं, अनुपमाच्या मनात आलं. जे मागितलं होतं ते झालं. आता पुरे. पण पुरे म्हणून कोण थांबणार होतं? गोल झाला तर गोल झाला, आपल्या माणसाचा धीर खचू नये म्हणून जिनातले गडी जीव तोडून वाजवू लागले. आणि तो नागपूरचा पोरगा शहाणा होता. त्यानं काय पाहायचं ते पाहिलं होतं. पुढच्या वेळी तो पुन्हा त्याच कडेनं आला, आणि ह्या वेळी चेंडू उचलून मारला.

चेंडू वामनरावांच्या तोंडासमोरून, उजव्या भुवईपासून दोन बोटांवरून गेला आणि खांबावर असा बसला की खांबाचा रंग उडाला. ते समोर पाहत उभे होते. खांबाचा आवाज होईपर्यंत चेंडू आला हेच त्यांना कळलं नव्हतं.

'तुमी लिहून देता?' सूर्यभाननं विचारलं होतं.

शकुनला कडेवर मारून अनुपमा कधी उठली, पदर कुठं गेला, हे तिला नंतर आठवेना. ती गोलरेषेच्या बाहेरून धावत गेली आणि शेषरावांच्या हातातली टिपरी तिनं धरली. "थांबवा! थांबवा म्हणते ना!"

"काऊन बाई? तुमीच तं..."

"त्यांना डावीकडचं दिसत नाही हो! ऐकू तरी येऊ द्या!"

तिनं हे डफड्याच्या वर आवाज काढून म्हटलं होतं. पण टिपरी धरली तेव्हाच डफडं थांबलं होतं, आणि ते पाहून ताशा, मग सनई. म्हणून ते वाक्य त्या शांततेत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. छत्रीखालच्या खुर्चीपर्यंत गेलं. शेजारच्या गृहस्थानं त्याचा अर्थ कलकत्त्याच्या गृहस्थांना वाकून सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि वही मिटली.

सूर्यभान खाली बसला होता, काठी मांडीवर आडवी ठेवून. वामनराव वळले नाहीत. अनुपमाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि सदऱ्याखाली हलणारी खांद्याची हाडं. पंचांनी शिटी वाजवली. दहा मिनिटं उरली होती, ती खेळायला हवी होती.

त्या दहा मिनिटांत एकदा चेंडू डावीकडून आला. सूर्यभान ओरडायच्या आधी गोलाच्या मागून शेषरावांचाच म्हातारा आवाज आला, "डाव्यानं, मालक! खालून!" वामनरावांनी पाय टाकला. चेंडू पॅडवर लागून बाहेर गेला. कोणी टाळी वाजवली नाही. डफडंही वाजलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी नव्हती. मूर्तिजापूर मागं पडलं होतं. वामनरावांच्या मांडीवर पॅड होते, खांबाचा पांढरा रंग एका कडेला लागलेला. शकुन तो नखानं खरवडत होती.

"शेषराव म्हणाला, डफडं त्यानं आणलं," ते शेवटी म्हणाले. "माझी माफी मागितली. पाय धरत होता म्हातारा."

अनुपमाला गप्प राहता आलं असतं. तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा शब्द जुळवले.

"मी सांगितलं त्यांना. गोलाच्या मागं उभे राहा, असंही मीच सांगितलं."

वामनरावांनी पॅडचा एक पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुला हवं होतं ते झालं."

"नाही," ती म्हणाली. "तो खांबाचा चेंडू मला नको होता."

 त्यांनी शकुनला तिच्याकडे दिलं, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर तुरीची शेतं काळी पडत चालली होती. ते रागावलेत, की रडताहेत, की नुसते पाहताहेत, हे तिला बाजूनं ओळखता येईना. दिवाळीपासून त्यांनाच निरखत आलेली ती. त्या वेळी तिलाही त्यांची एकच बाजू दिसत होती.

बडनेऱ्याला अमरावतीची गाडी पकडायला उतरावं लागतं. फलाटावर झुंबड होती. वामनराव तिची वाट न पाहता पॅड खांद्याला अडकवून पुढं निघाले. अनुपमा पोरीला सावरत मागून घाई करू लागली. दहा पावलांवर एका हमालाच्या डोक्यावरची ट्रंक डाव्या बाजूनं येऊन त्यांच्या खांद्यावर आदळली. "आंधळा आहे का बे?" हमाल ओरडला, आणि अंगावरचा निळा कोट पाहून चपापला. "माफ करा, साहेब."

वामनराव तिथंच थांबले. माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली. अनुपमा गाठेपर्यंत ते हलले नाहीत. ती नेहमीसारखी उजव्या हाताला उभी राहिली. त्यांनी तिचा दंड धरून तिला मागून फिरवलं आणि डाव्या अंगाला आणून उभं केलं. धरणं मऊ नव्हतं. दंड दुखला.

"सांग," ते समोर पाहत म्हणाले. "काय आहे तिकडं?"

"हातगाडी येतेय," ती म्हणाली. फलाटाच्या गलक्यात ते जेमतेम ऐकू गेलं. "संत्र्यांच्या पेट्या आहेत. थांबा." गाडी जवळून खडखडत गेली. "एक म्हातारी बसलीय, पाय पसरून. तिच्या पुढून या. हं. आता चला."

"मोठ्यानं बोल," वामनराव म्हणाले.